भाऊसाहेबांची लेन्सखरेदी

जयप्रकाश सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात खरेदी शाखेचे प्रमुख लिपिक होते, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही ते त्या शाखेतून पुरते बाहेर पडत नसत. मिक्सर घ्यायचा असो की गादी, आधी तीन दुकानांतून दरपत्रके येत. मग पाठकोऱ्या कागदावर तुलनात्मक तक्ता आखला जाई. आणि सर्व अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याची वस्तू घराचा उंबरा ओलांडी. कार्यालयात त्यांना भाऊसाहेब म्हणत. पत्नी नंदिनी वैतागली की तीही म्हणे.

"भाऊसाहेब, मला पसंत करतानाही तीन दरपत्रकं मागवली होतीत का?"

"तेव्हा मी कनिष्ठ लिपिक होतो," जयप्रकाश शांतपणे उत्तरले. "खरेदीचे अधिकार वडिलांकडे होते."

छप्पन्नाव्या वाढदिवसाला मुलीने, क्षिप्राने, पुण्याहून त्यांना डीएसएलआर कॅमेरा पाठवला. वापरलेला होता, पण नीट राखलेला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांसाठी खुर्च्या, पंखे आणि पंचिंग मशीन विकत घेतली, त्याच्या हातात प्रथमच केवळ हौसेची वस्तू आली होती. पुढच्या रविवारी ती गळ्यात अडकवून ते थेट घणसोली गावात राजाबाईंकडे गेले.

तसा त्यांचा रिवाजच होता. नवी मुंबईत आल्यावर पहिली अकरा वर्षे ते राजाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. क्षिप्राचे बारसे त्याच घरात झाले. पुढे जुईनगरला स्वतःचे घर झाले, तरी घरात आलेली नवी वस्तू आधी राजाबाईंच्या नजरेखालून जाई.

राजाबाई गावच्या धवळारीण. लग्नातले विधी त्यांच्या गाण्यावाचून पुढे सरकत नसत. त्या धवळ्याची, म्हणजे लग्नगीताची, ओळ सांगायच्या, मग मागच्या बाया ती उचलायच्या. पन्नासएक वर्षे त्यांनी गावातली लग्ने अशी लावली. पण गातानाचा त्यांचा एकही फोटो नव्हता. दिवा घेऊन व्हिडिओवाला जवळ आला की त्या त्याला विधीच्या खोलीतून पिटाळून लावीत.

कॅमेरा उलटासुलटा करून त्या म्हणाल्या, "जाईच्या लग्नात कर माजा फोटू. नातीचं सांगीन, मंग बंद. दम पुरत नाय आता. पन ती वीज नको चमकवू. डोल्यांपुरं अंधार येतो न धवला तुटतो."

जाईचे लग्न दहा दिवसांवर होते. जयप्रकाशांनी जबाबदारी घेतली, आणि तिथेच आतल्या खोलीत फ्लॅशशिवाय चारसहा फोटो काढून पाहिले. राजाबाईंच्या जागी पडद्यावर काळसर धुके उमटले. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स दूरचे जवळ आणि जवळचे दूर करायला बरी होती. पण अंधाऱ्या खोलीतला उजेड टिपणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

दोन दिवस वाचन करून त्यांनी निष्कर्ष काढला. पन्नास मिलिमीटरची लेन्स हवी. ती दूरचे जवळ आणत नाही, दिसायला वाटीएवढी, पण भरपूर उजेड आत घेते आणि खिशालाही परवडते. त्यांनी अकरा अटी लिहून काढल्या. काचेवर बुरशी नसावी, ओरखडा नसावा, पुढचे-मागचे झाकण असावे. तिसरे दरपत्रक मागायला ते जुईनगर स्टेशनजवळच्या नजीबच्या दुकानात गेले. नजीब श्रीवर्धनकडचा. जुने कॅमेरे दुरुस्त करायचा, विकायचा, आणि बोलायला कमी पडायचा नाही.

"साहेब, कॅमेरा कुठला तुमचा? घेऊन या ना, लावून बघू. पाय बघितल्याशिवाय चप्पल कशी देऊ?"

"चर्चा नको. दर लिहा, सही करा, पाकीट बंद करा. पाकिटं उघडेपर्यंत पुरवठादाराशी बोलणं नियमात बसत नाही."

"अहो, पण एक गोष्ट सांगायची—"

"लेखी द्या."

जयप्रकाशांनी आखून आणलेल्या नमुन्यात शेरा लिहायला रकाना नव्हता. नजीबने दर लिहिला, हसला आणि पाकीट चिकटवले.

नजीबचा दर इतरांच्या जवळजवळ निम्मा निघाला. अकराही अटी पूर्ण होत होत्या. शनिवारी जयप्रकाश लेन्स घेऊन आले, कॅमेऱ्यावर चढवली, नंदिनीवर रोखली आणि फोकससाठी बटण अर्धे दाबले. काहीच हालले नाही. नंदिनी धूसर ती धूसरच राहिली.

"मी हलले का?" तिने विचारले.

तासाभराने ते पुन्हा नजीबच्या दुकानात उभे होते. या वेळी कॅमेऱ्यासह.

"हेच सांगत होतो," नजीब म्हणाला. "ही जुनी लेन्स. हिच्यात मोटर नाही. मोठ्या कॅमेऱ्यात असते, तो हिला फिरवतो. तुमच्या कॅमेऱ्यात पण नाही. म्हणजे फोकस हाताने. टेन्शन नका घेऊ, परत देऊन टाका. मोटरवाली देतो, वरचे पैसे सावकाश द्या."

जयप्रकाशांनी खिशातून अटींचा कागद काढून वाचला. मग म्हणाले, "नाही. अटी मी लिहिल्या. तुमचा माल अटींप्रमाणे आहे. खरेदीदाराच्या चुकीचा भुर्दंड पुरवठादारावर पडता कामा नये."

"साहेब, हे ऑफिस आहे का?"

"नसलं म्हणून काय झालं?"

नजीबने कपाळावर हात मारला, शटर अर्धे खाली ओढले आणि त्यांना स्टुलावर बसवले. "मग आता शिका. डोळ्यावर फोकस धरायचा, नाकावर नाही. रिंग थोडीच फिरवा, बाकी स्वतः पुढे-मागे झुका. आत खाली हिरवा ठिपका दिसतो? तो स्थिर झाला की दाबायचं. त्याच्या आधी नाही."

लग्नाला चार दिवस उरले होते. ते चारही दिवस नंदिनीने वाल सोलले, केस विंचरले, टीव्ही पाहिला, आणि समोर जयप्रकाश मागे-पुढे झुलत बसले. शंभरात दहा फोटो स्पष्ट येऊ लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघितलं नव्हतंत." जयप्रकाशांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही, मात्र त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले.

लग्नाच्या सकाळी आतली खोली बायकांनी भरून गेली. हळद लावलेली जाई पाटावर, तिच्या शेजारी राजाबाई. जयप्रकाशांना भिंतीला पाठ टेकून बसण्यापुरती जागा मिळाली. राजाबाईंनी ओळ धरली आणि जयप्रकाशांच्या लक्षात आले, की वाल सोलणारी बाई आणि धवळा सांगणारी बाई यांत फरक आहे. राजाबाई अंगभर डोलत होत्या. ठिपका लागे आणि विझे. वीस फोटो झाले; विसांतही जाई स्पष्ट, राजाबाई नाहीत. विधी सरत चालला होता. हा धवळा संपला की पुढचा होणार नव्हता.

त्यांनी बटणावरचे बोट उचलले आणि नुसते ऐकू लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्यांना कळले. शेवटचा शब्द राजाबाई लांबवीत, मागच्या बाया तो उचलीत, आणि त्या उचलण्याच्या क्षणी राजाबाई डोलणे थांबवून दम घेण्याआधी, तोंड उघडे, डोळे मिटलेले, पळभर स्थिर राहत. दर वेळी त्याच जागी. जयप्रकाशांनी रिंग त्या जागेवर आणून ठेवली आणि हात आवळून वाट पाहिली. ओळ आली. शब्द लांबला. बायांनी उचलला. ठिपका लागला.

असे त्यांना सहा क्षण मिळाले. सहांतला एक फोटो असा आला, की कपाळावरची हळद आणि पापणीचा एकेक केस मोजता यावा.

जेवणावळी आटोपल्यावर त्यांनी कॅमेरा राजाबाईंपुढे धरला. राजाबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. जयप्रकाश वर्गात उभे केल्यासारखे उभे होते.

"दात दोनच राहिलंय," त्या म्हणाल्या. पदराच्या टोकाने त्यांनी पडदा पुसला आणि ओसरीवर बसलेल्या तरण्या सुनांना हाक मारली.

"इकरं या गं. यो बघा. रोज सांगतंय तुमाला, धवला सांगताना तोंड एवरं उघरायचं. एवरं!"

दोघी सुना कॅमेऱ्यावर वाकल्या, आणि ओठ मिटून हसू दाबणारी धाकटी राजाबाईंकडे पाहत हळूच तोंड उघडून बघू लागली.