पहिला जिल्हा

धाराशिवच्या एसटी स्टँडमागं, फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानावर एक अभ्यासिका आहे. वर पत्रा, खाली प्लायवूडची टेबलं, आणि उन्हाळ्यात असा उकाडा की पुस्तकाची पानं हाताला चिकटतात. तिथली खिडकीजवळची जागा संघपालची. अभ्यासिकेचे मालक दोनदा बदलले, पंखे बदलले, खुद्द जिल्ह्याचं नाव बदललं, पण त्या खुर्चीवरचा माणूस काही बदलला नाही. नवी पोरं त्याला सर म्हणायची. तो कुठंच सर नव्हता. नोकरी न लागलेला माणूस इतकी वर्षं एका खुर्चीत बसला की लोकांनी त्याला हाक तरी काय मारायची?

गाव बेंबळी. बाप लवकर गेला. माय, बनाबाई, हिनं लोकांच्या रानात खुरपून, सोयाबीन काढून दोन पोरं शिकवली. धाकटा अमरदीप हुशार निघाला. एका भरतीत नापास झाला आणि त्यानं सरळ पुण्याची गाडी धरली. तिकडं कंपनीत आहे, बायकापोरं आहेत. दिवाळीला येतो आणि भावाला सांगतो, "दादा, सोड की आता ते." पण दादा सोडतो कशाला? कधी एका मार्कानं गेलं, कधी दोन मार्कांनी, कधी भरतीच रद्द झाली. दर वेळी इतक्या जवळून हुकायचं की पुढच्या वेळी होणारच असं वाटायचं. एकदा तरी सपशेल आपटला असता तर सुटला असता बिचारा.

त्याचा हातखंडा म्हणजे जनगणना. राज्यातले जिल्हे, देशातली शहरं, लोकसंख्येच्या उतरत्या क्रमानं, चढत्या क्रमानं, झोपेतनं उठवून विचारा. पोरं चहाच्या गाड्यावर त्याला घेरायची.

"सर, आपला जिल्हा कितवा?"

"खालून दहावा."

"आन् वरून पहिला? ठाणं?"

मग तो कप खाली ठेवायचा. "हितंच मार खाता तुम्ही. २०११ ला ठाणं पहिलं व्हतं, राज्यातच न्हाय, देशात पहिलं. एक कोटी दहा लाख माणूस. पण २०१४ ला त्यातनं पालघर काढलं. ठाणं आलं खाली आन् पुणं गेलं वर. प्रश्नात 'सध्या' दिसलं की पुणं मारायचं, डोळं झाकून."

पुढची जनगणना आज होईल, उद्या होईल करत लांबतच गेली. त्यामुळं त्याचे आकडे काही शिळे झाले नाहीत. सरकार माझ्यासाठीच थांबलंय, असं तो म्हणायचा आणि पोरं हसायची. तो हसायचा नाही. आपण इथं बसल्या बसल्या किती माणसं जन्मली, किती मेली, किती जण गाव सोडून पुण्यात गेली, आणि कागदावर सगळं आहे तिथंच, हे त्याला कधी कधी फार लागायचं.

पोरं अर्धी मान देऊन आणि अर्धी थट्टेनं सर म्हणायची. मनापासून म्हणायची ती एकटी श्रावस्ती. ही उमरग्याची. बाप ट्रकवर ड्रायव्हर होता. हैदराबाद रोडला अपघात झाला आणि कमरेखालनं गेला. तेव्हापासून खाटेवर. श्रावस्ती धाराशिवला तिघींत एक खोली करून राहिली, सकाळी लहान पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि दिवसभर अभ्यासिकेत असायची. गणितात तिचा हात कुणी धरत नव्हतं. सामान्यज्ञानाच्या नावानं मात्र आनंदीआनंद होता. ते सगळं संघपालनं शिकवलं. तिची वही बघितली तर अक्षर तिचं आणि बोलणं याचं.

मग एका खात्याची कारकुनांची भरती निघाली, जिल्ह्यागणिक जागा वेगळ्या, पेपर वेगळा. खालून दहाव्या जिल्ह्याला जागा तरी किती येणार? माणसं कमी, कचेऱ्या कमी, जागा कमी. त्या दोघांच्या प्रवर्गाला सगळ्या जिल्ह्यात मिळून एक जागा होती. एकच. आणि संघपालची ही शेवटची खेप. पुढच्या जाहिरातीत त्याचं वय बसत नव्हतं. बेंबळीहून निघताना बनाबाईनं त्याच्या पिशवीत भाकरी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, "या टायमाला घेऊनच ये बाबा." आता माय असं म्हणाल्यावर पोरानं काय बोलावं?

पेपर लातूरच्या केंद्रावर, कॉम्प्युटरवर. शेवटी शेवटी तो प्रश्न आला. सध्याच्या जिल्हारचनेत, २०११ च्या जनगणनेनुसार, राज्यातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा कोणता? वेळ संपत आली होती, आणि त्याच्या हातानं ठाणे दाबलं.

का दाबलं? तर पालघर फुटायच्या आधी, तो नवानवा अभ्यासाला बसला होता तेव्हा, ठाणं पहिलं, ठाणं पहिलं असं त्यानं घोकघोक घोकलं होतं. नंतर पुणं शिकला, शेकडो पोरांना शिकवलं, पण घाईच्या वेळी पहिलं पाठांतरच वर आलं. नव्या पोरांकडून ही चूक होणंच शक्य नव्हतं, त्यांनी पुण्याशिवाय दुसरं कुणी वर बघितलेलंच नव्हतं. केंद्राच्या फाटकाबाहेर आल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं. गाड्यांच्या रांगेपाशी तो मटकन खाली बसला. सगळ्या जगाला सांगितलं आणि स्वतःच माती खाल्ली, यापरीस वाईट काय असतं?

आठवड्याभरानं कच्ची उत्तरतालिका आली, आणि बघतो तर तालिकेत ठाणेच बरोबर धरलेलं. पेपर काढणाराही कुणी याच्यासारखा जुनाच असावा. संघपालनं तीनदा बघितलं. मग त्यानं आपले मार्क मोजले. इतके त्याला कधीच पडले नव्हते.

दुपारी श्रावस्ती चहाच्या गाड्यावर आली. तिनं त्याचे मार्क विचारले, आपले सांगितले. ती दोनच मार्कांनी मागं होती. आणि एक प्रश्न असतो दोन मार्कांचा.

"सर, ते ठाणं दिलंय बघा तालिकेत," ती म्हणाली. "चूकच हाय ना ते? 'सध्याच्या' म्हणलंय की. म्या पुणं लिहिलं. तुमीबी पुणंच लिहिलं असणार. पैसे भरून हरकत घेतली तर आपल्या दोघांचे दोन-दोन वाढतील. मागचं कुणी पुढं यायला नको."

संघपालच्या तोंडात घोट तसाच राहिला. हिला वाटतंय आपणही पुणं लिहिलं. अजून काही बिघडलं नव्हतं. पोरी, म्या चुकलो, म्या ठाणं दाबलं, असं तो म्हणू शकत होता. मग ती पुढं गेली असती आणि तो मागं. कायमचा मागं. हिच्याकडं अजून वय आहे, असं त्याच्या मनात आलं. दहा-बारा वर्षं आहेत हिच्याकडं. माझ्याकडं काय आहे? बेंबळीला माय आहे, तिचे गुडघे गेलेत. एवढं सगळं त्याच्या डोक्यातनं कप खाली ठेवेपर्यंत फिरून गेलं.

"प्रश्नात २०११ म्हणलंय न्हवं?" तो म्हणाला. "मग २०११ ला पालघर व्हतं कुठं? ठाणंच बरोबर हाय. हरकतीचे पैसे फुकट जातील तुझे."

ती जरा घुटमळली. "पण तुमीच तर..."

"आगं ते वेगळ्या प्रश्नाला. नीट वाचत जा जरा."

नीट वाचत जा! हे तो तिला म्हणाला. ती खालमानेनं व्हय म्हणाली. चहा तिनंच सांगितला होता, तिचाच तसाच राहिला.

पुढं जे झालं ते त्याच्याही हातात राहिलं नाही. श्रावस्तीनं भाबडेपणानं अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकलं, की संघपालसर म्हणतात ठाणंच बरोबर, कुणी पैसे घालवू नका. तिथनं ते तुळजापूरच्या ग्रुपवर गेलं, कळंबच्या गेलं, भूमच्या गेलं. ज्यांनी पुणं लिहिलं होतं त्यांनीही हात टेकले. एवढा जाणता माणूस म्हणतोय म्हणल्यावर कोण कशाला भांडतंय? इतक्या वर्षांची त्याची पुण्याई अशी कामाला आली. हरकतीची मुदत संपेपर्यंत तो दिवस मोजत होता. फोन वाजला की वाटायचं, घेतली कुणीतरी. कुणीच घेतली नाही. पक्की तालिका आली, तीत ठाणंच.

निकाल लागला. धाराशिव जिल्हा, एक जागा, संघपालचं नाव. त्याच्या खाली प्रतीक्षा यादीत पहिली श्रावस्ती.

फोनवर बनाबाईला आधी कळेचना. मग ती रडली. सगळी गल्ली गोळा केली, बुद्धविहारात मेणबत्ती लावली, ज्याला त्याला सांगत सुटली, माझा साहेब झाला म्हणून. अमरदीपनं पुण्याहून फोन केला, "दादा, मी सोड म्हणत होतो, तू खरा निघालास." संघपाल व्हय व्हय म्हणत राहिला. इतकी वर्षं त्यानं हा दिवस मनात किती तऱ्हांनी रंगवला असेल. आणि आता पेढा तोंडात घातला तर त्याला चव नव्हती. मायचा आनंद बघून त्याला पळून जावंसं वाटलं.

रविवारी अभ्यासिकेत सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. पोरं दाटीवाटीनं बसली होती. श्रावस्ती मागच्या भिंतीशी होती, पायाशी भरलेली बॅग. संघपालनं ती बॅग बघितली आणि त्याला बोलायचं सुधरेना. भाषण काय केलं त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

भाषण झाल्यावर मल्लेश उठला. हा अक्कलकोटकडचा, यंदाच आलेला. "सर, एक शंका हाय. ते पहिल्या जिल्ह्याचं आमी काय धरायचं? आमच्या सगळ्यांच्या वहीत पुणं हाय. पुढच्या महिन्यात दुसरा पेपर हाय, तिथं परत आलं तर?"

सगळ्यांनी वह्या काढल्या. संघपालनं गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. पुणं म्हणावं, तर आत्ताच सगळ्यांना कळतंय. ठाणं म्हणावं, तर ही समोरची चाळीस पोरं पुढच्या महिन्यात दोन-दोन मार्क मातीत घालतात. त्यानं मागं बघितलं. श्रावस्ती पेन उघडून त्याच्याकडंच बघत होती, सगळ्यांसारखीच.

"ठाणं," तो म्हणाला.

"पण सर, पालघर फुटल्यावर पुणं, असं तुमीच..."

"माझं चुकलं व्हतं तवा," संघपाल म्हणाला. आयुष्यात एक गोष्ट त्यानं चोख शिकवली होती, तीच त्यानं नाकारली.

पोरांनी माना हलवल्या आणि लिहून घेतलं. कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. चूक कबूल करणारा मोठा माणूस, असंच कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

पोरं पांगल्यावर श्रावस्ती पुढं आली. "जय भीम सर. निघते म्या. दोनची उमरगा गाडी हाय."

"पुढच्या पेपरला येशील न्हवं?"

"न्हाय सर. आता न्हाय जमत. आईला एकटीला बाबांचं उचलायचं व्हईना. उमरग्याला एका दवाखान्यात काउंटरवर बसायचं बोलून ठेवलंय." ती हसायला बघत होती. "तुमचं झालं ते लई बेस झालं बघा. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर लई लागलं असतं मला."

तिच्याकडं वय होतं म्हणे. संघपालला तिथल्या तिथं आपलं तोंड फोडून घ्यावंसं वाटलं. सांगून टाकावं, आत्ता, असं ओठापर्यंत आलं. आणि मग डोळ्यासमोर विहारात मेणबत्ती लावणारी माय आली, आणि ते तिथंच विरलं.

श्रावस्तीनं बॅगेतनं ती वही काढली, अक्षर तिचं आणि बोलणं याचं असलेली. "ही मल्लेशला देऊन जाते. त्याच्या कामाला येईल." तिनं जनगणनेचं पान उघडलं, पट्टी लावून पुणे खोडलं आणि वर नीट ठळक अक्षरात ठाणे लिहिलं. शाई वाळेपर्यंत तिनं पानावर हलकेच फुंकर घातली आणि वही त्याच्यापुढं धरली.

"एकदा नजर घाला की सर. माझ्यामुळं कुणाचं चुकायला नको."

संघपालनं वही हातात घेतली. शालीचं टोक पानावर आलं होतं, ते त्यानं बाजूला केलं. ती ओळ त्यानं दोनदा वाचली. खाली रस्त्यावर रिक्षावाला स्टँड, स्टँड म्हणून ओरडत होता आणि तिला गाडी गाठायची होती.

"बरोबर हाय," तो म्हणाला.