विहीर वजा करणारे तात्या

मी विश्वात एक प्रचंड पोकळी शोधली आणि गावाकडे, लासुर्ण्यात तिचे पेढे वाटून टाकले. पोकळी नव्हतीच.

हे उघडकीला आणलं शेजारच्या तात्यांनी. तात्या साखर कारखान्याचे चिटबॉय, म्हणजे रानोरान फिरून कुणाचा किती ऊस उभा आहे याची नोंद करणारे. साठीला टेकले तरी बॉयच. बांधावरून अंदाज ठोकणं त्यांना जमायचं नाही. उसात शिरायचे आणि पाल्यानं ओरबाडलेले हात घेऊन पलीकडून उगवायचे. "बांधावरनं समद्यांचाच ऊस झ्याक दिसतो," म्हणायचे.

माझं कामही नोंदीचंच, फक्त दीर्घिकांच्या. कुठल्याशा अदृश्य ऊर्जेमुळे विश्व वाढत्या वेगानं फुगतंय. दीर्घिका कुठं दाटल्यात, कुठं विरळ आहेत, हे दूरदूरपर्यंत मोजलं की त्या ऊर्जेचा रेटा कायम सारखाच होता का, ते कळतं. माझ्या पोकळीमुळे तो चक्क बदललेला दिसत होता! सोमवारी पुण्यात आमच्या सगळ्या संशोधक गटापुढे ते मांडायचं होतं. मी त्यासाठी केसही कापून घेतले होते.

तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि लॅपटॉपवरच्या नकाशातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

"काहीच नाही. तीच तर गंमत."

"न्हाय, का दिसलं न्हाय?"

मी नकाशा मोठा करून बघू लागलो.

"आरं, कळंबला एका रानात मधीच विहीर हाय. तिच्यात ऊस न्हाय म्हणून रान पडीक म्हणू का? विहीर क्षेत्रातनं वजा करायची."

मी तिथंच तपासलं. माझ्या पोकळीच्या जागी आपल्याजवळचे झगझगीत तारे उभे होते. त्यांच्या उजेडात मागचं दिसत नाही, म्हणून तेवढं आकाश वजा करायचं असतं. मी ते रिकामं धरलं होतं. सोमवारी मी मुकाट्यानं मागच्या बाकावर बसलो. केस मात्र छान दिसत होते.

पुढं वर्षभर विहिरी वजा करत पुन्हा मोजलं आणि एका सकाळी अंगावर काटाच आला. सगळं वजा करूनही रेटा किंचित ओसरल्याची खूण उरत होती. अगदी पुसट, पण होती! तात्या तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं होतं. मी एसटीनं पोचलो, धापा टाकत खाटेजवळच्या खुर्चीत टेकलो आणि त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"नक्की हाय?"

"अजून नाही, तात्या. आणखी पुष्कळ दीर्घिका मोजाव्या लागतील."

त्यांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली.

"मग हितं खुर्ची आडवून काय बसलाईस?"