देवळात ठेवलेल्या सायकली

ऐंशीच्या दशकात आमच्या गावातल्या मुली लांज्याच्या हायस्कूलला दीड तास चालत जात. मुंबईत नोकरीला असलेल्या गाववाल्यांनी एका नाटकाचा प्रयोग लावला आणि त्याच्या उत्पन्नातून सहा लेडीज सायकली पाठवल्या. मी गावच्या समितीचा चिटणीस. पावसात भिजणार नाहीत आणि कुणा एकाच्या घरच्या म्हणता येणार नाहीत, म्हणून सायकली देवळाच्या सभामंडपात ठेवाव्यात, असं मीच सुचवलं.

दोन महिन्यांनी पाहिलं, तर रोज एक-दोन सायकली जागच्या हलतच नव्हत्या. मुलींना आवड नाही, सायकली मुलग्यांना द्याव्यात, असं पत्र मी मुंबईला लिहायला घेतलं. बायको दारातून म्हणाली, "पोरी महिन्याचे चार दिवस देवळात कशा जातील?" मी म्हटलं, "असलं समितीत बोलायचं कसं?" आणि पत्र पेटीत टाकलं. मला माहीत नव्हतं, असं पुढे अनेकांना सांगितलं. ते खोटं.

मुंबईहून होकार आला. रविवारी सायकली मुलग्यांना द्यायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी नववीतली एक मुलगी आईबरोबर आमच्या घरापुढच्या खळ्यात आली.

"काका, सायकल गेली तर बाबा शाळा बंद करणार. चालत येताना काळोख होतो."

"मग रोज का नेत नाहीस?"

आईच बोलली, "भावोजी, तुमच्या घरात बायकामाणूस नाय काय?"

मी खाली बघत म्हणालो, "समितीला विचारतो."

"विचारा सावकाश," मुलगी म्हणाली.

त्या संध्याकाळी सहातली एकही सायकल देवळात नव्हती. तिने साऱ्या मुलींना सांगितलं होतं, आपापल्या पडवीत लावा. रविवारी सभामंडपात समितीची माणसं तेवढी जमली. "गावाची वस्तू पोरींच्या घरात?" म्हणून आरडाओरडा झाला, पण दारोदार जाऊन मुलींच्या हातून सायकली ओढून आणायला कोणी उठलं नाही. मीही नाही.

ती मुलगी सायकलवरून शाळेत जात राहिली आणि दहावी झाली. सायकली घरोघर ठेवण्याची व्यवस्था केली आहे, असं मी मुंबईला कळवलं. कोणी केली, ते लिहिलं नाही. साहजिकच नाव माझं झालं. ती व्यवस्था तिने केली, माझ्या पत्रावर मात करून.