अर्धा राहिलेला धवला

हळदीच्या पाटावर बसलेल्या नवरीने मध्येच उठायचं नसतं. धवला चालू असताना तर नाहीच. कोलशेतच्या आमच्या घरात हे कुणी शिकवावं लागत नसे. लग्न लावायला भटजी येई, पण त्याच्याआधी मान धवलारणीचा. मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच गाणार आणि तो अर्ध्यावर सोडायचा नाही. आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी सख्खी आत्या. खाडीपलीकडूनही तिला बोलावणी यायची आणि ती आधी भरपूर भाव खाऊन मगच जायची.

माझं लग्न ठरलं ते ऐंशीच्या दशकात. त्याच्या थोडं आधी आत्याला प्रेशर निघालं होतं आणि डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली होती. लग्नाच्या तोंडावर तिच्या घरी गेले, तर गोळ्यांचं पाकीट देवाच्या फळीवर धूळ खात पडलेलं.

"गोली घेतली का गला सुकतं," ती म्हणाली. "तुजं लगीन होऊं दे, मंग घेईन. सांगू नको कोनाला."

मी नाही सांगितलं. उलट मला बरंच वाटलं. माझ्या लग्नात आत्याचा गळा खणखणीत लागायला हवा होता, तेवढीच माझी अक्कल.

हळदीच्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर बसली होती, बाकीच्या बायका तिच्या पाठीमागे. आंब्याच्या पानाने हळद लावत ती धवला गात होती. नवरीचं नाव ज्या ओळीत गुंफायचं, त्या ओळीशी आली आणि तिची जीभ जड झाली. तिने ओळ पुन्हा घेतली. शब्द पुन्हा घरंगळले. हातातलं पान पडलं. तसाच हात तिने माझ्या गालाकडे आणला, तो गालावरून खांद्यावर आणि खांद्यावरून मांडीवर घसरला.

हळद म्हटली की आमच्याकडे बाटली येतेच, आणि आत्याही कधीमधी घोटभर घ्यायची, हे सगळ्यांना ठाऊक. "आत्तीला आज चरली गो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. मीसुद्धा हसले. हसता हसता तिचं तोंड नीट पाहिलं. एक कोपरा खाली ओघळला होता. डोळे माझ्यावर खिळलेले. ती प्यालेली नव्हती, घाबरलेली होती. ते फक्त मला दिसत होतं, कारण समोर मी एकटीच होते. आणि मी पाटावर बसून राहिले. नवरीने उठून गोंधळ घातला तर लोक काय म्हणतील, हे मला तेव्हा फार मोठं वाटत होतं.

बायकांनी तिला आत नेऊन निजवलं. उतरावी म्हणून डोक्याला लिंबू चोळलं. बाहेर दुसऱ्या एका बाईने पुढचाच धवला धरला. दिवेलागणीला कुणी हाक मारायला गेलं तर आत्याला धड डोळे उघडता येईनात. मांडववाल्याच्या टेम्पोतून तिला ठाण्याला दवाखान्यात नेलं. अंगाला हळद लागलेली, म्हणून मला कुणी उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. मीही हट्ट केला नाही.

"हे सुरू कधी झालं?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, असं भाऊ नंतर सांगायचा. डॉक्टर भडकले. "तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी उचलून आणायचं! दारूचा वास तरी आला होता का कुणाला?"

वास कुणालाच आला नव्हता. कुणी घेऊन पाहिलाच नव्हता.

पुढे मी त्याच डॉक्टरांना भेटले. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, ते सांगणं कठीण आहे, असं ते म्हणाले. "पण गोळ्या चालू असत्या, तर कदाचित ही वेळ आली नसती." मी मान हलवून बाहेर आले. फळीवरच्या पाकिटाबद्दल बोलले नाही.

आत्या जगली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, लेकीबाळींना लाडाने मारायची हाक, 'बाय', एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी बाय, राग आला तरी बाय. सासरी मानपाड्याला माझा संसार चांगला चालला होता, त्याचीही लाज वाटायची. आत्याला आता भावाने माझ्या माहेरीच आणून ठेवलं होतं. तिथे गेले की आधी तिच्या गोळ्या तपासायचे आणि घरच्यांवर खेकसायचे. वहिनी वैतागून म्हणायची, "ताई, आम्ही देतो गं वेळेवर." देतच होती ती. जे खेकसणं होतं ते तिच्यावर नव्हतंच.

नव्वद सालानंतर धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीला आत्याला खुर्चीत आणून बसवलं. नव्या धवलारणीने धवला धरला आणि दोन ओळींनंतर दुसरा एक आवाज त्यात मिसळला. जाडाभरडा, पण सुरात. आत्या गात होती. शब्दन् शब्द स्वच्छ. नवी धवलारीण गप्प झाली. नवरीच्या नावाची ओळ आली आणि आत्याने नाव घेतलं. बहिणीचं नाही, माझं.

मांडव पुन्हा हसला. "म्हातारीला नवरी कोन तेच समजत नाय!"

या वेळी मी उठले. सगळ्यांच्या मधून जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. आत्याने डावा हात हळदीच्या ताटात बुडवला, माझ्या गालाला लावला आणि धवला शेवटपर्यंत म्हटला. संपल्यावर मी तिला म्हणाले, "आते, मला दिसलं होतं गो. मी उठले नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. गाणं संपलं होतं, शब्दही संपले होते.

"बाय," ती म्हणाली.