शेठचा पांढरा बूट

आमचे भोईरसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा स्लॅब अर्ध्यावर होता. स्लॅब भरताना फोन घ्यायचा नाही, हा नियम साहेबांचाच. मी तो मोडला, आणि माझ्यावर ओरडायला आता कोणी नाही, हे त्याच फोनवर कळलं...

धामणकर नाक्यावर खाली कापडाच्या लूमचा खडखडाट आणि वर आमचं डिझाइन ऑफिस. ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्लॅब, पूल तोलून धरणाऱ्या लोखंडी टेकूंचा आराखडा आम्ही करतो. काम झालं की टेकू निघतात आणि उद्घाटनाला आम्हाला कुणी बोलावत नाही. साहेबांना त्याची गंमतच वाटे. "आपली आठवण कुनाला न्हाय, म्हंजे काम बराबर झालं!"

साहेब टीम कसली, नाटक कंपनी चालवायचे. नवं ड्रॉइंग तयार झालं की टेबल भिंतीला सरकवायचं आणि आम्ही रांगेत उभं राहायचं. "तू टेकू, तूही टेकू... मी काँक्रीट!" असं गर्जून तो अगडबंब देह आमच्या खांद्यांवर रेलायचा. ज्याचं ड्रॉइंग, तो मधोमध. माझी पाठ अजून साक्ष देईल.

पण खरा प्रयोग रंगला वडप्याच्या एका गोदामावर. ऑफिसात नव्याने आलेल्या नाझनीनचं ते पहिलं काम. टाकीच्या गळतीने एका कोपऱ्यातला भराव भिजला होता आणि टेकू नेमके त्याच्यावर उभे होते. तिने काम थांबवलं. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या; ठेकेदार शेठ पांढऱ्याशुभ्र बुटांत थयथयाट करत होता. "काल आलेली पोरगी माझा स्लॅब अडवते? अरे यार, चार दिवस तर उभं राहायचंय टेकूंना!" स्लॅबखाली आणि वर मिळून किती माणसं वावरणार, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात पोचलेले साहेब त्याच कोपऱ्यात जाऊन गोड हसले. "या शेठ, हितं उभे ऱ्हा. तुम्ही टेकू." शेठही हसत उभा राहिला. साहेब मागून त्याच्या खांद्यांवर रेलले आणि शेठ घोट्यापर्यंत आत! "मी नुसता नाश्ता करून आलोय, शेठ. काँक्रीट माझ्यापेक्षा लय जड हाय." ओढल्यावर पाय निघाला, बूट तिथेच राहिला. गाड्या परत गेल्या.

परतताना नाझनीन म्हणाली, "सर, बोलताना माझा आवाज कापत होता."

"कापू दे की. अडवलंस ना?"

तो चिखलाने माखलेला बूट साहेबांनी ऑफिसच्या कपाटावर ठेवला, स्पर्धेत जिंकलेल्या ढालीसारखा.

गेल्या आठवड्यात शेठ भेटायला आला. साहेबांच्या खुर्चीकडे बघत दुसरी ओढून बसला. मग नव्या कामाचं बोलणं काढलं. "सोमवारी स्लॅब भरायचाय. पण आता साहेब नाहीत... मला अडवणार कोण?" टोमणा होता की काळजी, मला कळेना. तेवढ्यात नाझनीनने ड्रॉइंगवरून मानही वर न करता सांगितलं, "आधी जमीन बघणार, शेठ. मग भरायचं की नाही ते मी सांगेन."

शेठने कपाटावरच्या बुटाकडे पाहिलं. मी विचारलं, "काढून देऊ खाली?"

"राहू दे तिथंच," शेठ उठत म्हणाला. "उद्या या, मॅडम, जमीन बघायला. मी चपला घालून येतो."