आमच्या शीलाचं डोळ्यांचं काम

आमच्या घरात शीला नावाची एक मुलगी राहते, हे शेजाऱ्यांना दोन वर्षांनी कळलं. वाळूजजवळ दोन खोल्यांचं घर, भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं, पण हिचा आवाज म्हणून कुणाच्या कानावर पडला नाही. दुकानात साखर आणायला गेली तर साखरेच्या पोत्याकडं बोट दाखवायची. दुकानदार मला म्हणाला, “आबा, नात मुकी हाय व्हय?” मी म्हटलं, “नाय रे बाबा, तिच्या वाटणीचं मीच बोलतो.”

अन् ते खोटं नव्हतं. त्याचं असं आहे, मी आमच्या वाड्याचा कारभारी होतो. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो, चार-पाच घरांचा मिळून जो तळ पडायचा त्याला आम्ही वाडा म्हणतो. शेतात मेंढरं बसवायची तर शेतकऱ्याशी बोलणार कारभारी. पाणी कुठं, मुक्काम किती, सगळं कारभारी. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, अशी रीतच. पैठणकडं एकदा एका शेतकऱ्यानं माझ्या धाकट्या भावाला विचारलं, “नाव काय रे तुझं?” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, “कडुबा.” मग त्यानं मान हलवली, की हो, बरोबर.

मेंढरं गेली, मुलगा भारत कंपनीत लागला, आम्ही शहराला आलो. पण माझी कारभारकी काही गेली नाही.

आता शीला बारावी झाली. पुढं काय, हा प्रश्न. आणि तिला काय पाहिजे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला डोळे तपासायचं शिकायचं होतं. नंबर काढायचा, भिंगं लावून बघायची, त्याचा चार वर्षांचा कोर्स असतो म्हणे. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, अन् विचारल्याशिवाय बोलेल ती शीला कसली.

तिच्या कॉलेजातल्या सरांनी मोबाइलवरची एक वेबसाइट दिली. तिथं आपल्या आवडीनिवडीचे प्रश्न येतात, उत्तरं द्यायची, मग ती सांगते तुम्हाला कोणतं काम जमेल. मला हे लई आवडलं. आमच्या वेळेला असं काही असतं तर! मास्तरांनी मला चौथीत सांगितलं होतं, “बिरू, तू मेंढरं चार.” तेवढंच मार्गदर्शन.

रविवारी सगळे ओट्यावर बसलो. मोबाइल शीलाच्या हातात, मी शेजारी.

“तुम्हाला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?” तिनं हळूच वाचलं.

“लई आवडतं!” मी म्हटलं. “दाब, दाब. ‘खूप आवडतं’ दाब.”

तिनं माझ्याकडं बघितलं आणि दाबलं.

“गटाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची आखणी तुम्ही करू शकाल का?”

“करू शकाल का म्हणजे? केलीय! मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं नदीपार नेलंय. एक कोंबडी तेवढी वाहून गेली, पण ती स्वतःच्या अकलेनं गेली.”

“एका जागी बसून बारीक काम करायला आवडतं का?”

“छ्या! कंबर धरते.”

इथं तिचं बोट जरा अडलं. मला वाटलं मोबाइल अडला. म्हटलं, “जोरात दाब.” तिनं दाबलं.

निकाल आला. पहिल्या नंबरला वाहतूक व्यवस्थापक, दुसऱ्याला समारंभ आयोजक, तिसऱ्याला विक्री अधिकारी. भारत खूश. म्हणाला, “आमच्या कंपनीत गाड्या लावणाऱ्या साहेबाला स्वतंत्र केबिन हाय, एसीची. सोमवारी मॅनेजमेंटचा अर्ज भरून टाकतो.” सूनबाई रत्नमाला मात्र पोरीकडं बघत म्हणाली, “ही? समारंभ करणार? हिच्या वाढदिवसाला हीच कपाटामागं लपली होती.”

“यंत्र खोटं बोलतं का?” मी म्हटलं. मनातून तर मी हवेत होतो. चौथी शिकलेला माणूस, आणि मोबाइल म्हणतो व्यवस्थापक व्हा! शीला उठून पाणी प्यायला गेली. सखूबाई, म्हणजे आमच्या मंडळी, तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. पण त्यांना लांबचं धड दिसत नव्हतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

त्याच दुपारी शीला म्हणाली, “आजीचा चष्मा बदलायला पाहिजे. शहागंजला जाऊ.”

एवढं लांब वाक्य! सगळे तयार झालो.

शहागंजात शफीकभाईंचं चष्म्याचं छोटं दुकान आहे. त्यांची माहनूर शीलाच्या वर्गात. आत शिरतो न शिरतो तोच शफीकभाई म्हणाले, “आओ बिरूभाई! ये तुमारी पोरी तो साल भर से हर इतवार को यहीच बैठी रहती. मेरी माहनूर मोबाइल देखती, अन् ये भिंगां पुसती.”

मला ठाऊक होतं ती मैत्रिणीकडं जाते. मैत्रिणीकडं जाऊन भिंगं पुसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सखूबाईंना खुर्चीत बसवलं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर इंग्रजीतल्या ‘ई’चा तक्ता लावला. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेवढं हातानं दाखवायचं. सखूबाई म्हणाल्या, “हे दाताळंच की. ह्याचे दात खाली.” अन् बरोबर होतं. शफीकभाई बाजूला उभे राहिले आणि शीलानं डोळे तपासायची ती जड, रिकामी फ्रेम आजीच्या नाकावर ठेवली, भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

“आजी, हनुवटी वर. अशी. आता नीट बघ हां. घाई नाही. हे बरं, का हे?”

ती मोकळं बोलत होती हो! मी ऐकतच राहिलो. पण सवय वाईट. माझ्या तोंडून गेलं, “पहिलंच बरं.”



“बिरूभाई,” शफीकभाई म्हणाले, “आँखां किसके हैं?”

“ह्यांचं असंच,” सखूबाई फ्रेमीतून म्हणाल्या. “माझं पोट दुखतंय का डोकं, तेबी डॉक्टरला हेच सांगतात.”

सगळे हसले. मीही हसलो. शीलानं भिंग बदललं. “आता आजी? मघाचं बरं का हे?”

“हे जरा...” मी सुरू केलं.

शीलानं माझ्याकडं वळून बघितलं. हातात भिंग, चेहरा शांत. “आबा, तुम्ही सांगाल तसा चष्मा केला तर तो आजीला लागणार नाही. त्या मोबाइलवरपण तसंच झालं.”

मला आयुष्यात कुणी असं गप्प केलं नव्हतं. पाटलानं नाही, फौजदारानं नाही. मी विचारलं, “मग तुला काय पाहिजे, बाळा?”

तिनं नेहमीसारखं बोट दाखवलं. भिंगांच्या पेटीकडं. मग माझ्याकडं बघून तोंडानंही म्हणाली, “हे.”

घरी आल्यावर मी हुकूम सोडला, वेबसाइट पुन्हा भरायची, शीलानं एकटीनं. मला अंगणात बसवलं आणि सखूबाईंना माझ्यावर पहाऱ्याला. आतून मधेच तिचं वाचणं ऐकू यायचं, “तुम्हाला बारकावे तपासायला...” की सखूबाई माझा गुडघा दाबायच्या.

निकाल घेऊन भारत बाहेर आला. पहिल्या नंबरला प्रयोगशाळेतलं काम, दुसऱ्याला ग्रंथपाल, आणि डोळे तपासणं तिसऱ्याला.

“आबा, हे तर तिसरं हाय,” भारत म्हणाला. “उद्या अर्ज भरायचाय. काय करायचं, तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जीभ अगदी टोकाला आली होती. पण मला कडुबा आठवला. वाड्यात कडुबाचं काम पुढं जाऊन चारा बघून यायचं. दोन दिवस पुढं चालायचा, परत आला की सांगायचा, तिथं गवत आहे, तिथं नाही. त्या एका वेळेला तो बोलायचा अन् कारभारी ऐकायचा. कारण गवत त्यानं बघितलेलं, मी नाही.

मी म्हटलं, “चारा बघून कोण आलंय? तिला विचार.”

शीला दारात उभी होती. रत्नमालाचा पदर धरला नाही, कपाटामागं गेली नाही. म्हणाली, “बाबा, प्रयोगशाळा मी बघितली नाही. शफीकचाचांचं दुकान बघितलंय. भिंग बरोबर लागलं ना, की माणूस बोलायच्या आधी त्याचं तोंड बदलतं. मला ते बघायचं असतं. हा कोर्स इथंच शहरात आहे. मी चौकशी करून आलेय.”

“कधी?” भारत उडालाच.

“जूनमध्ये.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारलं कुठं?”

भारतनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “एसी असतो का तिथं?” शीला म्हणाली, “पंखा असतो.” भारत म्हणाला, “बरं.” सोमवारी बापलेक जाऊन अर्ज भरून आले.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. अजून कमीच बोलते, पण साखर मागते. परवा तिला सराव पाहिजे म्हणून मला खुर्चीत बसवलं, फ्रेम घातली, भिंगं बदलली.

“आबा, हे बरं का हे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीजवळून सखूबाई म्हणाल्या, “दुसरं.”

काय सांगू, दुसरंच बरं होतं.