वाफमावशीने आत पाहिलं

बायकांच्या त्या दवाखान्यात जिन्याखाली एक लांबट खोली होती. तिथे वाफेचं मोठं यंत्र होतं, आणि त्या यंत्रापाशी सव्वीस वर्षं एकच बाई उभी होती. या काळात डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, खुद्द यंत्र दोनदा बदललं; बाई मात्र तीच. सगळे तिला वाफमावशी म्हणायचे. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

वरच्या मजल्यावर वापरलेली हत्यारं ट्रेमधून खाली यायची. मावशी ती आधी साबणाच्या पाण्यात बुडवायची, एकेक बिजागरी उघडून ब्रशने घासायची, पुसायची, कापडात बांधायची आणि गाठोड्यावर चिकटपट्टी लावायची. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात. वाफ नीट पोचली की त्या काळ्या होतात. काळ्या झाल्या नाहीत, तर गाठोडं परत आत. या बाबतीत मावशीने सख्ख्या भावाचंही ऐकलं नसतं.

हत्यारांना तिने आपली नावं ठेवली होती. दोन पात्यांचं, चोचीसारखं उघडणारं ते बदक. एकापेक्षा एक जाड होत जाणाऱ्या सळ्यांचा संच म्हणजे भावंडं. डोळे मिटून हातात दिलं तरी कुठलं काय ते तिने सांगितलं असतं. पण वर नेऊन त्यांचं करतात काय, हे तिला अंदाजानेच ठाऊक. तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणं सुइणीच्या हातची. वरच्या टेबलावर ती कधी झोपली नव्हती, आणि झोपायची वेळ येऊ नये एवढीच तिची इच्छा होती.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. एका सकाळी कपड्याला डाग दिसला, नखाएवढा. मावशीने मनात म्हटलं, उष्णता असेल. पाच आठवड्यांनी पुन्हा दिसला, मग पंधरा दिवसांनी. घरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. इतर कुणी बाई असती तर कदाचित डॉक्टरकडे गेली असती. पण मावशीने इतक्या वर्षांत वर गेलेल्या आणि परत न दिसलेल्या बायकाही पाहिल्या होत्या. जेवढं तिला माहीत होतं, तेवढं घाबरायला पुरेसं होतं, आणि धीर यायला अपुरं.

मग एका दुपारी मोठ्या सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्यांच्या हातात एक गाठोडं होतं.

"मावशी, ही पट्टी बघा."

मावशीने पाहिलं. रेघा फिकटच होत्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून वाफ न लागलेलं गाठोडं वर गेलं होतं. उघडण्याआधी सिस्टरांच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

मावशी स्टुलावर बसली. सिस्टरांना वाटलं होतं, ती यंत्राला दोष देईल. तिने सगळं सांगून टाकलं.

"किती दिवस झाले?"

"तीन महिने होत आले."

"आणि तुम्ही या इमारतीत काम करता," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मावशीला तो रागावण्यापेक्षा जास्त लागला. "उठा. हात धुवा आणि चला वर."

वर डॉक्टरीणबाईंनी आधी नुसते प्रश्न विचारले. मग मावशी टेबलावर झोपली आणि तिला तिचं बदक भेटलं. ते कोमट पाण्यातून काढलेलं होतं. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. "आता हे आत घालून उघडते, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड दिसेल. श्वास सोडा. आता या बारीक ब्रशने तोंडावरच्या पेशी घेते. या काचेवर पसरून तपासतात. तिथे पुढे काही वाईट होणार असेल, तर बऱ्याचदा ते आधीच कळतं." ब्रश फिरला, एवढंच जाणवलं. मावशी दातओठ आवळून तयार होती, आणि काम आटोपलंसुद्धा.

नंतर सोनोग्राफी झाली. पिशवीच्या आतलं अस्तर नऊ मिलिमीटर जाड निघालं. या वयात ते चारच्या आत असावं लागतं.

"म्हणजे वाईटच ना?" मावशीने विचारलं.

"म्हणजे बघावं लागेल. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी कारण शोधायचं असतं. बहुतेकदा साधंच निघतं. पण शोधल्याशिवाय त्याला साधं म्हणायचं नाही. पिशवीत बारीक दुर्बीण घालू. तुम्ही जाग्या असाल. वाटलं तर समोरच्या पडद्यावर बघा, नाहीतर छताकडे बघा."

दुर्बिणीच्या दिवशी मावशीने आधी गाठोड्याची पट्टी स्वतः पाहिली. रेघा काळ्याकुट्ट होत्या. सिस्टर हसल्या आणि तिच्या उशाशी उभ्या राहिल्या.

पिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं इंजेक्शन टोचलं, मग पोटात पाळीसारखी कळ आली. दुर्बिणीतून मिठाचं पाणी आत सोडत होते, त्याने आतून दाब आल्यासारखं वाटत होतं. मावशीने छताकडे बघायचं ठरवलं होतं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. तिने मान वळवली.

पडद्यावर गुलाबी बोगदा होता. त्याच्या भिंतींवर बारीक घड्या. दुर्बीण पुढे सरकली, बोगदा संपला आणि समोर एक खोली उघडली. मावशीला दुसरा शब्दच सुचला नाही. सायीसारख्या मऊ भिंती, त्यांवरून केसाएवढ्या लाल रेषा धावत होत्या, आणि पाणी हललं की सगळं मंद हलत होतं. एवढी वर्षं ती स्वतःच्या अंगात हे घेऊन जिने चढली-उतरली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"वरच्या दोन कोपऱ्यांत खळग्या दिसतात? त्या नळ्यांची तोंडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बीज इकडून येतं."

"माझी दोन्ही मुलं इथेच होती?"

"इथेच."

"एवढ्याशा जागेत?"

"रिकामी असली की एवढीच असते. मुठीपेक्षा लहान. मूल वाढतं तशी ती वाढते आणि नंतर परत आवरून घेते."

मावशीचा मुलगा आता दारातून आडवा होऊन जातो की काय अशी शंका यावी, असा झाला होता. तो इथे मावला होता. तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. आणि दोन्हीचं कारण एकच होतं.

मग डाव्या भिंतीवर जिभेसारखा एक लालसर कोंब दिसला. बारीक देठावर तो पाण्यात डुलत होता. "हा पॉलिप. रक्त बहुधा याचंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुर्बिणीशेजारून तांदळाएवढी कात्री पुढे आली. अशी कात्री मावशीने शेकडो वेळा धुतली होती आणि हिचा उपयोग तरी काय, असा प्रश्न तिला दर वेळी पडला होता. देठ तुटला. अस्तराचाही एक कण तपासणीला घेतला. एकूण वीस मिनिटंही लागली नाहीत.

अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मावशीने प्रत्येक पट्टी तीन-तीनदा पाहिली. अहवालात काही वाईट नव्हतं. ब्रशची तपासणीही स्वच्छ आली. जीव भांड्यात पडला. घरी आपल्या म्हाताऱ्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस." त्याचं खरंच होतं.

पण ती गप्प बसण्याची गोष्ट तिथे संपली नाही. घरात सून होती, आणि वर्षभर तिला खाज, लघवीला जळजळ आणि अंगावरून पिवळट, फेसाळ जाणं असा त्रास होता. सासूनेच तिला ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणून दिल्या होत्या. "बायकांना असतंच हे," असंही वर म्हटलं होतं. त्रास थोडा कमी व्हायचा आणि परत यायचा. ते वाक्य आता मावशीला काट्यासारखं सलत होतं.

"उद्या माझ्याबरोबर चल," ती सुनेला म्हणाली.

"आई, मला तपासून घ्यायची लाज वाटते."

"मलाही वाटायची. काय काय करतात ते मी सांगते, बस."

आणि तिने सांगितलं, बदकापासून.

दवाखान्यात सुनेच्या स्रावाचा थेंब काचेवर घेतला, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि काच लगेच शेजारच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या चष्मेवाल्या बाईने सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि दोघींना बोलावलं. आधी सुनेने पाहिलं, मग मावशीने. गोल उजेडात नासपतीच्या आकाराचे बारीक जीव शेपट्या झटकत, धडपडत पोहत होते.

"हे जिवंत आहेत?" मावशीने विचारलं.

"आहेत," चष्मेवाली म्हणाली. "आणि तुम्ही दिलेल्या म्हणता त्या गोळ्या बुरशीवरच्या होत्या. त्यांनी यांचं काही बिघडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी वेगळं औषध लिहिलं, सुनेला आणि तिच्या नवऱ्यालाही. "हा जंतू शरीरसंबंधातून जातो. एकानेच औषध घेतलं तर तो परत येतो. औषध संपून आठवडा जाईपर्यंत दूर राहा. आणि हा कधीपासून होता ते यावरून कळत नाही, तेव्हा घरी जाऊन भांडू नका."

घरी मुलाने कानावर हात ठेवले. "मला काहीच होत नाहीये. मी कशाला गोळ्या खाऊ?"

"पुरुषांना बऱ्याचदा काही जाणवत नाही," मावशी म्हणाली. "मी ते पोहताना पाहिलेत. पाण्याचा पेला घे."

दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने गोळ्या घेतल्या.

तीन महिन्यांनी सून पुन्हा तपासायला आली. मावशीही जेवणाच्या सुट्टीत वर गेली. चष्मेवाली म्हणाली, "काही नाही. साफ आहे."

"तरी बघू का?"

उजेडाच्या वर्तुळात यावेळी काहीच पोहत नव्हतं. कागदासारख्या पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या चकत्या पसरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मध्ये एक गडद ठिपका.

"हे काय?"

"पेशी. तुमच्या सुनेच्याच. अशा रोज कितीतरी गळतात आणि खाली नव्या तयार असतात."

सून बाकावरून विचारत होती, निघायचं का. मावशीने डोळा भिंगावरून न उचलता हाताने थांब म्हटलं. चष्मेवालीने काच थोडी सरकवून दिली, आणि आणखी नव्या चकत्या समोर आल्या.